डावी घरं

सोनल झोरेचं काम बाण बघण्याचं होतं. बालेवाडीतल्या एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर तिच्यासारखे आणखी काहीजण दिवसभर हेच करत. पडद्यावर एक घर यायचं. त्याच्या प्रत्येक भिंतीतून, प्रत्येक स्लॅबमधून तीन बाण बाहेर आलेले असायचे, लाल, हिरवा आणि निळा. ते योग्य दिशेला आहेत का ते बघायचं, कळ दाबायची, पुढचं घर घ्यायचं. संध्याकाळी बसमध्ये बसून डोळे मिटले तरी तिला बाणच दिसत.

घरं छापणारं यंत्र आलं तेव्हा सोनल कॉलेजात होती. सह्याद्रीतला काळा दगड वितळवून त्याचा केसासारखा बारीक धागा काढायचा आणि ओल्या काँक्रीटबरोबर तो यंत्राच्या तोटीतून थरावर थर अंथरत जायचा, अशी ती रीत होती. लोखंडी सळया गेल्या, फळ्या ठोकणं गेलं. नकाशेसुद्धा गेले, कारण यंत्र नकाशा वाचत नव्हतं. इंजिनिअरने संगणकात घराचं जे गणित मांडलं असेल, तेच ते सरळ छापत असे.

म्हणून बाण महत्त्वाचे होते. संगणक स्लॅबची जाडी बघत नाही. जाडीच्या मधोमध तो कागदासारखा एक पातळ पत्रा कल्पितो आणि सगळा भार त्या पत्र्यावर मोजतो. असा प्रत्येक पत्रा आपल्या दिशा आपल्याबरोबर बाळगतो. लाल आणि हिरवा बाण पत्र्याच्या अंगाने जातात, निळा त्याच्यातून सरळ बाहेर निघतो. गावाला पूर्व एकच असते, इथे मात्र ज्याची त्याची पूर्व वेगळी. यंत्राला ‘धागा वर घाल’ असं सांगता येत नाही, ‘निळ्या बाणाच्या बाजूला घाल’ असं सांगावं लागतं. निळा बाण आभाळाकडे असेल तर धागा वर पडणार. तो जमिनीकडे असेल तर धागा खाली पडणार आणि यंत्राला त्यात काहीच वावगं वाटणार नाही.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी, जेवण करून डोळे जड झालेले असताना, सोनलच्या पडद्यावर मराठवाड्यातल्या कुठल्याशा वसाहतीचं घर आलं. नमुना जुनाच होता, कंपनीच्या साठ्यातला. आधी कुठेतरी छापलेला नमुना पुन्हा वापरायचा असला की फक्त वरवर नजर टाकायची पद्धत होती. तिनेही तशीच टाकली. कळ दाबायला बोट उचललं आणि ते तसंच राहिलं. दारावरच्या सज्ज्याचा निळा बाण खाली जमिनीकडे होता.

तिने खुर्ची पुढे ओढली. या नमुन्याची दोन घरं होती, एक मूळ आणि एक त्याची आरशातली प्रतिमा. रस्त्याच्या एका बाजूला मूळ घर छापायचं, समोरच्या बाजूला उलटं. दोन्ही घरांचं गणित एकच म्हणून उलट्या घराचं वेगळं गणित कोणी केलं नव्हतं, सगळं जसंच्या तसं उतरवलं होतं. पण आरशात उजवा हात डावा होतो. संगणकाला बाणांची मांडणी नेहमी उजव्या हाताच्या पसरलेल्या तीन बोटांसारखी लागते, त्यामुळे उलटं करताना त्याने निमूटपणे निळा बाण फिरवला होता. ‘धागा निळ्या बाणाच्या बाजूला’ ही सूचना मात्र तशीच राहिली. नंतरच्या तपासणीत दोन्ही घरांच्या सूचना शेजारी ठेवून ताडून पाहिल्या होत्या. त्या अक्षरशः सारख्या होत्या, त्यामुळे हिरवी खूण मिळाली होती.

भिंतींना आणि मुख्य छताला दोन्ही बाजूंनी धागा होता, तिथे बाण फिरला तरी बिघडत नव्हतं. सज्ज्याला धागा वाचवण्यासाठी तो एकाच बाजूला घातला होता. सज्जा भिंतीतून पुढे आलेला असतो, पुढून त्याला आधार नसतो. त्याच्यावर वजन आलं की वरची बाजू ताणली जाते, म्हणून धागा वर लागतो. या घरात तो खाली होता.

हा नमुना आधी कुठे छापला आहे ते तिने पाहिलं. एकच नाव होतं. नवी गोठणवाडी, तालुका पाटण.

ते तिचं गाव होतं.

*

अजिंक्य ताम्हणकर तिचे वरिष्ठ होते. चाळिशीचे, सभ्य, कायम झोप अपुरी राहिल्यासारखे. त्यांनी पडदा नीट पाहिला. दोनदा फिरवून पाहिला. मग चष्मा काढून डोळे चोळले.

“बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली ना छापून? पडला कसा नाही एकही सज्जा?”

“काँक्रीटमध्ये थोडी ताकद असतेच की सर. स्वतःचं वजन पेललंय त्याने. मिरच्या वाळत घालतात, तेवढंही पेललं. पण घरातून गच्चीवर जिना आहे, तिथून सज्ज्यावर जाता येतं. येत्या आठवड्यात जत्रा आहे गावात. समोर चौकात ढोलावर धनगरी गजी नाचणार. बायापोरं सगळी सज्ज्यांवर उभी राहणार.”

“मी आज वर कळवतो. समिती येईल, धागा कुठे आहे ते यंत्राने तपासतील.”

“कधी?”

ताम्हणकरांनी चष्मा परत लावला. पावसाळ्याआधी आली तरी लवकर आली म्हणायची, हे दोघांनाही माहीत होतं.

“सर, मी घरी जाते.”

“जा. रजा लिहून ठेवतो मी.” ते जरा थांबले. “कंपनीने सांगितलंय असं मात्र म्हणू नका. तुमचा अंदाज म्हणून सांगा. अजून ते सिद्ध झालेलं नाही.”

“आईला अंदाज म्हणून काय सांगू?” सोनल म्हणाली. त्यांना दुखवायचा तिचा हेतू नव्हता, पण त्यांनी मान खाली घातली.

*

तिची आई हौसाताई अंगणवाडीत सेविका होती. जुनी गोठणवाडी डोंगराच्या कुशीत होती, धनगरांची वाडी. एका श्रावणात डोंगराचा एक कडा निम्म्या वाडीवर आला. उरलेल्यांनी पुढचं वर्ष पत्र्याच्या शेडमध्ये काढलं. सरकारने खाली सपाटीला घरं देऊ केली तेव्हा कोणी जायला तयार नव्हतं. यंत्राने दोन दिवसांत उभं केलेलं घर हे घर आहे असं कोणाला वाटेना. त्यात रस्त्याच्या एका बाजूची घरं उलटी, त्यांची दारं डाव्या अंगाला. लोक त्यांना डावी घरं म्हणायला लागले आणि ती नकोच म्हणून बसले. हौसाताई दारोदार फिरली होती. “माझी पोरगी त्याच कामात हाय, ती चांगली म्हणती,” एवढं एकच तिचं म्हणणं होतं. शेवटी पहिलं डावं घर तिने स्वतः घेतलं, तेव्हा बाकीचे उतरले.

सोनल पाटणहून वडापच्या, माणसं भरली की सुटणाऱ्या जीपने गावात पोचली तेव्हा हौसाताई चौकात उभी राहून मांडवाच्या बांबूंची जागा दाखवत होती. बिरोबा अजून वर डोंगरावरच होता. माणसं खाली आली तरी देव हलवायला कोणी राजी नव्हतं. यंदा तो पहिल्यांदा खाली यायचा होता आणि तेही हौसाताईनेच जमवून आणलं होतं.

“आगं, जत्रंला चार दिस हायत अजून. लवकर आलीस?” आईच्या तोंडावर आनंद होता. लेकीचा चेहरा बघून तो थोडा उतरला.

घरात चुलीपाशी बसून सोनलने सगळं सांगितलं. चहा उकळून उकळून काळा झाला तरी हौसाताईने तो उतरवला नाही.

“समदी घरं?”

“नाही. डावी तेवढी. आणि त्यातले सज्जेच. घरं पक्की आहेत.”

“तू चांगली म्हणाली होतीस.”

“मी तेव्हा उजवं घर बघितलं होतं आई. दोन्ही एकच असतील असं वाटलं मला.”

हौसाताईने भांडं उतरवलं. पदराने हात पुसले, मग पुन्हा पुसले.

“तुला ठावं हाय का, मी किती फिरलेय या लोकांच्या मागं? शेडात बसून बसून माणसं दगड झाली होती. कोंडीबानाना तर माझ्याशी बोलत बी नव्हता. त्याचा पोरगा गेला तिथं, सून गेली. त्याला म्हणलं, नाना, चला खाली. म्हातारा आला माझ्या शब्दावर. आता परत जाऊन काय म्हणू? उठा म्हणू?” तिचा आवाज चढला नव्हता. “मी दमले गं सोनल. लई दमले.”

“मला सांगू दे मग. तू नको बोलू.”

“तू पुण्याला जाशील. मला इथं तोंड दाखवायचंय.” ती उठली. “चल. मीच बोलावते.”

*

चौकात माणसं जमली. हौसाताईने दोन वाक्यांत सांगितलं आणि बाजूला झाली. सोनलने बाणांबद्दल सांगायचा प्रयत्न केला, उजव्या हाताची बोटं पसरून दाखवली. लोक बोटांकडे बघत राहिले.

“कंपनीला जागा पायजे असंल परत,” मागून कोणीतरी म्हणालं. “म्हणून हिला धाडलंय.”

“डावी घरं वाईट असत्यात, आम्ही म्हणतच होतो,” एक बाई म्हणाली. “तवा आमचं कोणी ऐकलं न्हाई.”

कोंडीबा येडगे पुढे खाली बसला होता. सत्तरी ओलांडलेला, खांद्यावर घोंगडं, पायात कातडी वहाणा. त्याने हात वर केला तशी माणसं गप्प झाली.

“पोरी, मला तो बाण न्हाई कळत. मला कळंल असं सांग.”

सोनलने जरा विचार केला. “नाना, शेरडांना पाला द्यायला फांदी खाली वाकवायची असली की कोयता कुठून घालता?”

“वरनं. खालनं घातला तर फांदी कोयत्यावरच बसती.”

“वरून घातला की ती आपल्या वजनाने वाकते ना? कारण तिला धरून ठेवणारी साल वरची. सज्ज्याचं तेच आहे. त्याची वरची साल घालायची राहिलीय. ती खालच्या अंगाला गेलीय.”

कोंडीबाने समोरच्या घरांकडे पाहिलं. त्याचंही घर डाव्याच बाजूला होतं.

“म्हंजी परत मोडायचं,” तो म्हणाला.

“मोडायचं नाही नाना. टेकू लावायचे. कंपनी येईपर्यंत वर कोणी जायचं नाही.”

“आन् न्हाई पडला तर? तुझा हिशोब चुकला तर? देव पहिल्यांदा खाली येतोय. दारात टेकू लावून त्याला घ्यायचा का? पै-पाहुणं काय म्हणतील, हे आलं परत शेडात?”

तेव्हा हौसाताई पुढे आली.

“माझ्या घरावर बघा,” ती म्हणाली. “माझ्या सज्ज्यावर वजन टाका. टिकला तर हिचं खोटं. मी सवतः हिला जीपमधी बसवून देते.”

सोनलने आईकडे पाहिलं. आईने तिच्याकडे पाहिलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसांनी पाण्याची एक मोठी प्लास्टिकची टाकी हौसाताईच्या गच्चीवर चढवली. सज्ज्यावर कोणी पाय ठेवायचा नाही असं सोनलने बजावलं होतं. गच्चीतूनच बांबूने ढकलत त्यांनी टाकी सज्ज्याच्या कडेशी नेली आणि नळी लावली. भरली की पंधरा-सोळा माणसांचं वजन होणार होतं. खालची जागा दोरी बांधून मोकळी केली. हौसाताईने घरातली भांडी, अंथरुणं आणि अंगणवाडीतल्या मुलांची खेळणी मागच्या दाराने बाहेर काढून ठेवली होती.

पाणी चढत गेलं. सगळं गाव चौकात उभं होतं. टाकी निम्मी झाली, पाऊण झाली. मग भरून वाहायला लागली. सज्ज्यावरून पाण्याची धार अंगणात पडली आणि कोणीतरी नळ बंद केला.

सज्जा होता तिथेच होता.

कोणी हसलं नाही, पण माणसांचे खांदे सैल झालेले सोनलला दिसले. एकजण म्हणाला, “झालं की.” बायका आपापल्या कामाला वळल्या. मांडवाचे बांबू अर्धेच रोवलेले होते, तिकडे माणसं गेली. कोंडीबाने घोंगडं झटकलं आणि घराकडे चालू लागला.

सोनल दोरीजवळच उभी होती. तिने रात्रभर पुन्हा पुन्हा मांडलेलं गणित तिला आता कोणा दुसऱ्याचं वाटत होतं. कदाचित छापणाऱ्यांपैकी कोणी तिथे काही बदललं असेल. कदाचित धागा वरच असेल. तसं असेल तर किती बरं होईल, असं तिला मनापासून वाटलं. चुकण्याची एवढी आस तिला आयुष्यात कधी लागली नव्हती.

“झालं का समाधान?” आई म्हणाली. रागाने नव्हे, थकून. “त्यास्नी सांगते टाकी उतरवायला. जागा झाडून घेते, चिखल झालाय दारात.”

“राहू दे आई. दुपारपर्यंत राहू दे.”

“का? पडायची वाट बघत बसायची?”

“तडा एकदम जात नाही. आतल्या आत वाढतो. थोडं थांब.”

“किती थांबू? दोन वर्सं थांबलेच की.” हौसाताईने केरसुणी घेतली आणि दोरीखालून वाकून आत गेली.

सोनलने तिचा दंड धरला. हौसाताईने तो झटकला. सोनलने पुन्हा धरला, दोन्ही हातांनी, आणि पोटच्या पोरीने आईला कधी ओढू नये तसं ओढलं. दोघी दोरीसकट मागे अंगणाच्या कडेला पडल्या. हौसाताईच्या हातातल्या बांगड्या फुटल्या. “आगं येडी झालीस का,” ती ओरडली, आणि तेवढ्यात वर काहीतरी करकचलं. वाळलेलं लाकूड फाटावं तसा तो आवाज होता. भिंतीलगत एक काळी रेघ आडवी पळत गेली आणि अख्खा सज्जा दार मिटावं तसा खाली आला. टाकी फुटली. दाराची चौकट चिरडली. पाणी, काँक्रीटचे तुकडे आणि धूळ चौकापर्यंत गेली.

धूळ खाली बसली तेव्हा तुटलेली कड दिसली. वरच्या बाजूला नुसतं करडं काँक्रीट होतं. खालच्या बाजूला काळे चकचकीत धागे लोंबत होते.

*

कोणी सोनलला बरं झालं म्हणालं नाही. तिने तशी अपेक्षाही केली नव्हती. डाव्या घरांतल्या माणसांनी मुकाट्याने अंथरुणं बाहेर काढली. सोनल प्रत्येक दारात जाऊन सांगत होती, घर पक्कं आहे, सज्जाच तेवढा, मागच्या दाराने जा-ये करा. लोक ऐकून घ्यायचे आणि पुढचं गाठोडं उचलायचे. ‘तेवढा’ हा शब्द आता कोणाच्या गळी उतरत नव्हता.

हौसाताईवर मात्र सगळ्यांचा राग निघाला. “तुझ्या शब्दावर आलो,” असं जो तो म्हणाला. कोणी मोठ्याने, कोणी हळू. तिने एकदाही मान वर केली नाही. हातावर बांगडीची काच लागली होती, तिथे हळद दाबून ती फुटक्या चौकटीसमोर बसून राहिली.

सोनलने ताम्हणकरांना फोन केला, फोटो पाठवले. समितीचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लोखंडी टेकूंनी भरलेला एक ट्रक गावात आला आणि त्याच्यामागून मोटारीतून ताम्हणकर स्वतः उतरले. कराडजवळच्या दुसऱ्या कामावरचे टेकू त्यांनी कोणाला न विचारता उचलून आणले होते.

“नोकरीवर बेतेल सर,” सोनल म्हणाली.

“बेतेल,” ते म्हणाले आणि बाह्या सरसावून टेकू उतरवायला लागले.

जत्रा झाली. डोंगरावर परत जायला तिथे काही उरलं नव्हतं, आणि देवाला एकटं ठेवणंही कोणाच्या जिवाला पटेना. बिरोबा खाली आला. गजी नाचले, ढोल वाजले, भंडारा उधळला. प्रत्येक डाव्या दारात दोन-दोन लोखंडी खांब उभे होते आणि सज्ज्यावर चिटपाखरू नव्हतं. देवाला ओवाळायचा मान यंदा हौसाताईचा ठरला होता. ताट दुसरीच्या हातात गेलं. हौसाताई मांडवाच्या शेवटच्या बांबूला टेकून बसली होती, तिथूनच तिने हात जोडले.

*

ताम्हणकरांना कंपनीने घरी बसवलं. सोनलला परत बोलावलं, कारण साठ्यातला प्रत्येक उलटा नमुना आता एकेक बाण बघत तपासायचा होता आणि ते करायला माणसं कमी होती. वर्ष तरी जाणार होतं.

निघताना ती आईला म्हणाली, “चल माझ्याबरोबर. सज्जा कापून नवीन करेपर्यंत तरी चल. इथे कोणी बोलत नाही तुझ्याशी.”

“न्हाई बोलत,” हौसाताई म्हणाली. ती तवा घासत होती.

“मग राहून काय करणार?”

“माझ्या शब्दावर आलेली माणसं हितं हायत. मी कुठं जाऊ?”

पाया पडून सोनल निघाली. जीप भरायला वेळ होता, म्हणून ड्रायव्हर चौकात थांबला. खिडकीतून सोनलला आई दिसली. हौसाताई मागच्या दाराने बाहेर पडली होती. हातात झाकलेली वाटी घेऊन ती कोंडीबानानाच्या घराशी गेली आणि दोन टेकूंच्या मधून आत वाकून तिने हाक मारली.

बऱ्याच वेळाने म्हातारा दारात आला. त्याने वाटी घेतली नाही. ये, बस असंही म्हणाला नाही. तो नुसता उभा राहिला. हौसाताईने वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि तिथेच पायरीवर, त्या सज्ज्याखाली, बसली. कोंडीबाने एकदा वर पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

“तिथं नगं बसू,” तो म्हणाला. “आत बस.”

जीप सुरू झाली.